एक हात, एक वीत

तांदळाची भाकरी काट्या-सुरीने खाणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ऑफिसच्या कँटीनमध्ये खिडकीजवळचं टेबल त्यांचं. डब्यातली भाकरी ते ताटलीत पसरायचे, सुरीने तिचे आठ सारखे तुकडे करायचे आणि एकेका तुकड्यावर काट्याने सुकटीची चटणी ठेवून, पाठ ताठ ठेवून जेवायचे. शेजारच्या टेबलावरची पोरं हसायची. यांच्या कपाळावर मात्र आठी नाही.

एकदा मी विचारलंच. "चीफ, हाताने खाल्लं तर काय होईल?"

"हाताला वास ऱ्हातो."

"मग हात धुवायचा."

"धुतला तरी ऱ्हातो. फोनवर जातो."

हे ते गंमत म्हणून सांगत नव्हते. फोनवरून सगळं जातं, असं त्यांचं ठाम मत होतं. तुम्ही खुर्चीत कसे बसलाय, शर्टाला इस्त्री आहे की नाही, सकाळी घरात भांडून आलाय का, सगळं. म्हणून ते स्वतः रोज पांढरे कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करून यायचे आणि आम्हाला चपलेत बघितलं की वर्गाबाहेर उभं करायचे.

चीफ म्हणजे चीफ स्टुअर्ड. उरणजवळच्या मोरा बंदराचा माणूस. तीस वर्षं त्यांनी प्रवासी जहाजांवर जेवणाचं टेबल सांभाळलं, आधी इंग्रजांच्या जहाजांवर, मग अमेरिकनांच्या. निवृत्त होऊन घरी बसल्यावर कंटाळले आणि आमच्या कंपनीत आले. नवीन पनवेलमध्ये एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या दोन मजल्यांवर ही कंपनी होती. जहाजाने सहलीला जाणाऱ्या इंग्रज आणि अमेरिकन म्हाताऱ्यांचे फोन आम्ही घ्यायचो. बुकिंग, तारखा बदलणं, तक्रारी, रद्द करणं. नवीन आलेल्यांना पहिले दोन आठवडे चीफच्या हाताखाली काढावे लागत. ते शिकवायचे त्या विषयाचं छापील नाव लांबलचक होतं. चीफ त्याला 'दोन गोरे' म्हणायचे.

मी तिथे गेले तेव्हा पोटासाठी गेले आणि नाक मुरडत गेले. माझे वडील कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी अक्षरं जोडायला शिकले तीही त्यांच्यावरच. गोरा म्हणजे गोरा, मालक म्हणजे मालक. त्यात हा इंग्रज आणि हा अमेरिकन, हा भेद मला एकाच माणसाच्या दोन कोटांसारखा वाटायचा.

पहिल्याच दिवशी चीफनी विचारलं, "इंग्रजाच्या पायावर तुमी पाय दिला, तर सॉरी कोन बोलंल?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"इंग्रज बोलंल. आनि अमेरिकनाच्या पायावर दिला तर? तो इचारंल, बाबा तू बरा हायस ना? मंग तुमचं नाव इचारंल, गाव इचारंल, पोरं किती ते इचारंल. पाय ऱ्हायला बाजूला."

मी हात वर केला. "आणि दीडशे वर्षं छातीवर पाय दिला, त्याचं सॉरी कोण बोलणार?"

चीफनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "ते मी नाय शिकवत. ते तुला घरी शिकवलेलं दिसतंय, आनि बराबर शिकवलंय. इथं फोन कसा घ्यायचा ते शिक. काय लीडर?"

सगळे हसले. ऑफिसात शेवटपर्यंत माझं नाव तेच राहिलं.

त्यांची शिकवण्याची पद्धत पुस्तकातली नव्हती. दोघांना उभं करायचे आणि त्यांच्यामधलं अंतर स्वतःच्या हाताने मोजायचे. कोपरापासून बोटांपर्यंत एक हात, आणि वर एक वीत. "ही इंग्रजाची हद्द. याच्या आत पाय टाकायचा नाय." मग वीत काढून घ्यायचे, हातही काढून घ्यायचे आणि दोघांना खांद्याला खांदा लावायला सांगायचे. "हा अमेरिकन. तुमी लांब उभे ऱ्हायलात तर त्याला वाटंल, तुमाला तो आवडला नाय." कोणीतरी म्हणालं, फोनवर अंतर कुठे असतं? चीफ वैतागले. "फोनवरच असतं. समोर मानूस असला तर डोळ्यानं तरी कळतं."

त्यांचे नियम आम्हाला पाठ झाले होते. अमेरिकन ओरडला तर ओरडू द्यायचं, पाच मिनिटांनी तो तुमचा मित्र होतो. इंग्रज ओरडत नाही. इंग्रज गप्प बसला की घाबरायचं. तो फोन ठेवेल, चहा पिईल आणि पत्र लिहील. पत्र आलं की तुमची नोकरी गेली. अमेरिकनाला उपाय आधी सांगायचा आणि खेद नंतर. इंग्रजाला खेद आधी, मग थोडी शांतता, मग उपाय. आणि सगळ्यात मोठा नियम, जो ते फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित करायचे: इंग्रजाच्या दुःखाला हात लावायचा नाही. एकदा 'वाईट वाटलं' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं.

पण ते असे पक्के कप्पे करतात म्हणावं, तर स्वतःच मोडायचे. एकदा सांगत होते, "एक इंग्रज बाई तीन आठवडे मना फक्त थँक यू बोलली. नाव नाय इचारलं, तोंडाकडं नाय बघितलं. घरी गेली आनि सोळा वर्षं ख्रिसमसला कार्ड पाठवलं. माजं नाव कुठनं काढलं, देव जाने. आनि एक अमेरिकन. जाताना मना मिठी मारून बोलला, तू माजा सख्खा भाव. पुढच्या वर्षी त्याच बोटीवर आला आनि मनाच इचारतो, तू नवीन काय?"

"म्हणजे खोटारडाच की," मी म्हणाले.

"नाय. मिठी मारली तवा तो खराच भाव होता." मग म्हणाले, "तुमा लीडर लोकांना वाटतं, खरं ते कायम टिकाया पायजे."

यावर मी आठवडाभर मनातल्या मनात वाद घातला. अजून घालते.

पनवेलसुद्धा त्यांनी याच हिशेबात बसवलं होतं. जुनं पनवेल इंग्रज, नवीन पनवेल अमेरिकन. "तिकडं गावात शेजारी शेजाऱ्याशी तीन पिढ्या बोलत नाय, पन मयताला पयला तोच हजर. इकडं लिफ्टमदी हाय अंकल, बाय अंकल, आनि फ्लॅट विकला का कोन अंकल?" तलावाकडच्या ज्या टेलरकडे ते शर्ट शिवायचे, तो इंग्रज. 'बघू' म्हणायचा आणि त्या 'बघू'त काय आहे ते फक्त चीफना कळायचं. स्टेशनबाहेरचे रिक्षावाले अमेरिकन. सीताफळं विकणारी एक म्हातारी मात्र त्यांना कुठेच घालता येईना. ती भाव करताना इंग्रज होती आणि पिशवीत एक जास्तीचं टाकताना अमेरिकन. तिच्याकडून घेणं त्यांनी टाळलं होतं.

चीफ प्रेमळ होते असं मात्र कोणी समजू नये. मुलांना ते फाडून खायचे. सगळ्यात जास्त रडवलं ते प्रणालीला.

प्रणाली आपटा गावाच्या पलीकडच्या वाडीतली. वडील शाळेची व्हॅन चालवायचे. घरातली ती पहिलीच ऑफिसात जाणारी. तिचं इंग्रजी चांगलं होतं, आवाज गोड होता, पण समोरच्या माणसात शिरायची तिला सवय होती. सरावाच्या फोनवर चीफ इंग्रज झाले की ती तिसऱ्या वाक्याला त्यांना घरात कोण कोण असतं ते विचारायची.

"एक हात!" चीफ टेबलावर पट्टी मारायचे. "आनि?"

"एक वीत."

"मंग आत काय करतंस?"

"ओ चीफ, मानूस बोलतंय तर इचारायचंबी नाय?"

"नाय! तुज्या वाडीत इचार."

तिला तीन महिन्यांनी कायम व्हायचं होतं. ते तिच्यासाठी साधं नव्हतं. घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं आणि वडिलांनी सांगून टाकलं होतं, नोकरी कायम झाली तर दोन वर्षं विषय काढणार नाही, नाही झाली तर दिवाळीनंतर बघायला येतील. बघायला येणाऱ्याचा फोटोसुद्धा तिच्या मोबाइलवर येऊन पडला होता. तो तिने मला दाखवला आणि उलटा करून ठेवला.

तिसऱ्या महिन्यात, एका गुरुवारी दुपारी तिला तो फोन आला. मी शेजारच्या खुर्चीत होते. मला तिची बाजूच ऐकू येत होती. रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं.

इंग्लंडमधले एक म्हातारे गृहस्थ. दोघांचं बुकिंग होतं, त्यातलं एक रद्द करायचं. बायको मंगळवारी वारली. हे त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी पत्ता बदलल्याचं कळवतो. आमच्या पडद्यावर अशा वेळच्या तीन ओळी लिहिलेल्या असत. एक, वाईट वाटलं असं सांगा. दोन, बुकिंगचा नंबर विचारा. तीन, पुढे काय होईल ते सांगा.

प्रणालीने पहिली ओळ म्हटली. मग ती थांबली. आणि मग तिने पडद्यावर नसलेलं विचारलं. कशा गेल्या? बरेच दिवस आजारी होत्या का? शेवटी जवळ कोण होतं?

पलीकडे शांतता.

"सर, तुम्ही काही खाल्लंत का?"

आमच्याकडे मयताच्या घरी गेल्यावर हेच विचारतात. त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून भात येतो, आणि कोणीतरी जबरदस्तीने दोन घास खायला लावतं. ही चौकशी नसते, ती रीत असते. न विचारता उठून आलं तर लोक नावं ठेवतात. प्रणालीच्या तोंडून ती रीत आपोआप बाहेर पडली. तिला कळलंसुद्धा नाही.

रेकॉर्डिंगमध्ये चौदा सेकंद काहीच नाही. मग त्या म्हाताऱ्याचा आवाज. "टोस्ट. मी टोस्ट खाल्ला." पुन्हा शांतता. "थँक यू." आणि फोन बंद. बुकिंगचा नंबर राहिला, रद्द करणं राहिलं.

कॉल ऐकून गुण देणाऱ्या क्वालिटीवाल्यांनी त्या कॉलला शून्य दिलं. असा एक शून्य म्हणजे चौकशी, आणि कायम नसलेल्याच्या बाबतीत बहुतेक वेळा घरचा रस्ता. कारणाच्या रकान्यात त्यांनी चीफचाच नियम लिहिला होता, चीफच्याच शब्दांत: ग्राहकाच्या दुःखाला हात लावला, ग्राहक गप्प झाला.

आता सगळे पत्राची वाट बघायला लागले. इंग्रज गप्प बसला म्हणजे पत्र येणार, हे आम्हीच पाठ केलेलं. प्रणाली रोज आल्याआल्या विचारायची, "आलं का गं?" पत्र आलं नाही. सहाव्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन आला, तो दुसऱ्याच मुलाने घेतला. त्यांनी दोन मिनिटांत एक जागा रद्द केली, दुसरी तशीच ठेवली, आणि प्रणालीबद्दल एक शब्द काढला नाही. चांगला नाही, वाईट नाही.

मी काय केलं? जे मला येतं ते. पत्रक लिहिलं. रात्रभर जागून नव्हे, एका बैठकीत, कारण ते माझ्या डोक्यात तयारच होतं. साहेबाच्या भाषेत शोक करायचीही परवानगी लागते, आमच्या माणुसकीला हे शून्य गुण देणार, वगैरे. कँटीनमध्ये मी ते चीफपुढे ठेवलं, जरा छाती काढूनच. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, दोन्ही बाजू वाचल्या.

"चांगलं हाय. जोरात हाय."

"मग सही कराल?"

"यात पोरगी कुठं हाय?"

"म्हणजे?"

"साम्राज्य हाय, भांडवल हाय, नफा हाय. प्रनाली नाय. तो म्हातारा नाय. त्यानं काय खाल्लं तेबी नाय." त्यांनी कागद नीट घडी करून मला परत दिला. "तूबी एक हात एक वीत ठेवतंस. इंग्रजासारकी."

मला इतका राग आला की मी म्हणाले, "तिला तुमच्या नियमाने काढतायत, चीफ. माझ्या पत्रकाने नाही."

त्यांनी काटा-सुरी सरळ लावून ठेवली. ताटलीतली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. ते पत्रक मी वाटलं नाही. ते चूक होतं म्हणून नव्हे, त्यातलं प्रत्येक वाक्य मला आजही मान्य आहे. पण ते वाचून प्रणालीला कोणी ओळखलं नसतं, हेही खरं होतं.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी साडेसहाला चौकशी होती. पडद्यावर इंग्लंडची मॅनेजर, पांढऱ्या केसांची, मऊ बोलणारी बाई, आणि अमेरिकेचे मोठे साहेब, बाह्या दुमडलेले, हातात कॉफीचा भला मोठा कप. खोलीत प्रणाली, नियम शिकवणारे म्हणून चीफ, आणि सोबतीला एक सहकारी चालेल म्हणून मी. साहेबांनी आम्हा सगळ्यांना नावाने हाक मारली. प्रणालीच्या नावाचा पार चुराडा केला, पण इतक्या मायेने की ती हसली. बाईंनी कोणालाच नावाने हाक मारली नाही. फक्त विचारलं, प्रणालीला पाणी हवं आहे का.

रेकॉर्डिंग लावलं. चौदा सेकंदांसकट सगळं ऐकलं.

बाई म्हणाल्या, मुलीचा हेतू चांगला होता यात शंका नाही, पण कदाचित या कामासाठी ती अगदी योग्य नसेल. साहेब म्हणाले, मुलगी ग्रेट आहे, मला ती खूप आवडली, पण कॉल अर्धवट राहिला हे आहेच. मला दोघांचा अर्थ कळला. एकाने हळू ढकललं, दुसऱ्याने मिठी मारून ढकललं. दार तेच.

मग चीफना विचारलं. ते उभे राहिले. त्यांचं इंग्रजी जहाजावरचं होतं, स्वच्छ, जरा जुन्या वळणाचं. ते काय म्हणाले ते मी मराठीत लिहिते.

"हा नियम मी शिकवतो. तो मी कुठे शिकलो ते सांगतो. एका सफरीत एका इंग्रज पाहुण्याची बायको वारली. माझ्या टेबलावर बसायचे दोघं. दुसऱ्या दिवशी तो ठरल्या वेळेला जेवायला आला. मी ताट मांडलं. त्याने 'थँक यू, स्टुअर्ड' म्हटलं. तासाभराने उठला. ताट तसंच भरलेलं. मी उचलून नेलं. असं नऊ दिवस. रोज वेळेवर यायचा, रोज थँक यू म्हणायचा, आणि रोज मी भरलेलं ताट परत न्यायचो. मी एक शब्द विचारला नाही. कॅप्टनने माझं कौतुक केलं, म्हणाला, तुला इंग्रज माणूस कळतो. मी तेच आजपर्यंत शिकवत आलो."

बाईंनी विचारलं, "आणि दहाव्या दिवशी?"

"दहाव्या दिवशी किनारा आला, मॅडम."

चीफ पुढे बोलू लागले.

"या मुलीच्या फोनवरचा माणूस दुखावला की त्याला बरं वाटलं, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. तो गप्प बसला. माझ्या नियमाप्रमाणे इंग्रज गप्प बसला म्हणजे रागावला. पण हा इंग्रज म्हणून गप्प बसला, की बायको गेलेला माणूस म्हणून, हे मी चौदा सेकंदांवरून सांगू शकत नाही. नऊ दिवसांत मला कळलं नाही. मला एवढंच माहीत आहे की त्याने टोस्ट खाल्ला होता. माझ्या पाहुण्याने काय खाल्लं ते मला माहीत आहे. काहीच नाही."

ते खाली बसले आणि प्रणालीकडे न बघता मराठीत पुटपुटले, "नियम मीच शिकवला हाय, तुला नाय काडू देनार."

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी मनात म्हटलं, इंग्रज गप्प बसला, आता घाबरायचं. पण त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि म्हणाल्या, "शून्य काढून टाका. तिला कायम करायला माझी हरकत नाही." बस, एवढंच. त्यांना काय आठवलं होतं, कोण जाणे. ते विचारायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती.

साहेब मात्र खुर्चीतून जवळजवळ उठले. डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. "हे सोनं आहे! हीच माणुसकी आपल्याला प्रत्येक कॉलवर हवी!"

प्रणाली जिन्यात माझ्या गळ्यात पडून रडली. मी चीफना म्हणाले, "जिंकलो." ते म्हणाले, "बघू." टेलरसारखं.

पंधरा दिवसांनी पडद्यावरच्या तीन ओळींच्या चार झाल्या. चौथी ओळ: ग्राहकाने काही खाल्लं आहे का ते विचारा. दोन गुण. न विचारल्यास दोन गुण वजा.

ती ओळ शिकवायचं काम अर्थातच चीफकडे आलं. त्या वर्गाला मीही बसले होते, कारण जुन्यांनाही बसायला लावलं होतं. तीस जण एका सुरात म्हणत होते, सर, तुम्ही काही खाल्लंत का? मॅडम, तुम्ही काही खाल्लंत का? चीफ पट्टी घेऊन फिरत होते. "आवाज खाली. घाई नको. शेवटचा शब्द वर न्यायचा नाय." त्यांनी ते मन लावून शिकवलं, जसं ते सगळंच शिकवायचे.

अर्ध्या तासाने पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "चीफ, ते नाही खाल्लं म्हणाले, तर पुढची ओळ कुठली?"

चीफनी फाइल उघडली. पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. "पुढं नाय लिवलेलं."

"मग काय म्हणायचं?"

"तुजी आय काय बोलते?"

"ती ताट वाढून आणते."

वर्ग हसला. चीफ हसले नाहीत. ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, इतका वेळ की मागच्यांनी कुजबुज सुरू केली. मग त्यांनी उरलेला तास पूर्ण केला, वेळेवर सोडला, खुर्च्या एका रेषेत लावल्या, फळा ओल्या फडक्याने पुसला, आणि उरणची बस पकडली. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. राजीनाम्यात एकच वाक्य होतं, तेही आभाराचं.

मी ती नोकरी नंतर चार महिन्यांनी सोडली. सोडल्यावर एकदा मोऱ्याला जाऊन त्यांना भेटले. लाँच नुकतीच सुटली होती, धक्क्यावर जाळी वाळत होती आणि ते एका उलट्या होडीवर बसून कोणाला तरी समजावत होते की समोरचा बोंबिलवाला खरा अमेरिकन आहे. मी सरळ विचारलं. प्रणाली राहिली, तुमचं म्हणणं मान्य झालं, मग गेलात का?

"मी नऊ दिवस इचारलं नाय, ती माजी चूक," ते म्हणाले. "पन न वाटता इचारायची शिकवनी घेनं, ती कोनाची चूक? ती माज्या हातनं होत होती."

"मग लढायचं होतं. पुन्हा मीटिंग घ्यायची होती."

"तू लढ. तुला येतं. मी टेबल लावनारा मानूस." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पन लिवशील तवा पयल्या ओळीत मानूस घाल. मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

प्रणाली अजून तिथेच आहे. ती दिवाळी गेली, बघायला कोणी आलं नाही, वडिलांनी शब्द पाळला. मागच्या महिन्यात आम्ही स्टेशनजवळ चहाला भेटलो, तेव्हा मी तिला विचारलं, चौथी ओळ म्हणतेस का?

"वाटलं तर म्हणते. नाय वाटलं तर नाय."

"आणि गुण?"

"जातात की दोन. परवा एका बाईला इचारलं, अमेरिकन होती. आधी रडली, मग हसली, मग तिच्या मांजराचं सांगत बसली. सत्तावीस मिनटं! तेव्हा फोन लांबला म्हनून गुन गेले."

कायम झालेल्यांच्या यादीत तिचं नाव आहे. महिन्याच्या गुणांच्या यादीत ती बहुतेक वेळा खालून तिसरी असते.